कुंडीतला वाटाणा आणि दादासाहेब फाळके

दादासाहेब फाळके म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे 'राजा हरिश्चंद्र' उभा राहतो, दादरचा रस्ता उभा राहतो आणि वर्तमानपत्रात पहिल्या पानावर झळकणारा पुरस्कार उभा राहतो. मला मात्र त्यांच्या अशा एका चित्रपटाविषयी लिहायचे आहे की ज्यात राजा नाही, ऋषी नाही, नट नाही, कथाही नाही. आहे तो फक्त एक वाटाणा. तो कुंडीत रुजतो, मान वर काढतो आणि पाहता पाहता त्याचा वेल होतो. सारा खेळ मिनिटभराचा. 'अंकुराची वाढ' असे त्याचे नाव. १९१२ साली दादरच्या एका घरात तो तयार झाला, आणि तयार झाला तो पैसे उसने देऊ शकतील अशा मोजक्या माणसांना दाखविण्यासाठी!

हल्ली याला पिचिंग म्हणतात. आपल्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळाने यंदा लघुपटासाठी कल्पना मागविल्या आहेत हे वाचकांना ठाऊक आहेच. अट अशी की गोष्ट स्वतःच्या अनुभवातली हवी आणि ती पाच मिनिटांत मांडता आली पाहिजे. तेव्हापासून वर्गात आणि कँटीनमध्ये एकच तक्रार ऐकू येते : आमच्या आयुष्यात घडले आहे तरी काय, की त्यावर चित्रपट काढावा? हा प्रश्न माझाही होता. म्हणून मी फाळक्यांचे चरित्र वाचायला घेतले. ज्या माणसाने या देशात चित्रपटाचा धंदा उभा केला, त्याच्याजवळ सावकारापुढे ठेवायला आरंभी एक कुंडी होती. पण त्या कुंडीमागे चाळीस वर्षांचा संसार, शिक्षण आणि अपयश होते. ती चाळीस वर्षे आधी सांगते.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. घरात पूजाअर्चा, पुराणे, कीर्तने यांचाच वारा. वडिलांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात संस्कृत शिकविण्याची जागा मिळाली आणि कुटुंब मुंबईला आले. शास्त्र्यांचा मुलगा शास्त्रीच व्हायचा, असा तो काळ. पण धुंडिराजाचा हात चित्राकडे ओढ घेई. १८८५ साली त्याचे नाव सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घातले गेले. पुढे थोरल्या भावाबरोबर तो बडोद्याला गेला आणि तेथल्या कलाभवनात शिकला. तैलचित्रे, जलरंग, वास्तुशिल्प, मातीकाम, छायाचित्रण. जे मिळेल ते त्याने शिकून घेतले. रतलामला जाऊन तीन रंगांचे ठसे करण्याची विद्याही उचलली. १८९२ साली अहमदाबादच्या प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीबद्दल त्याला सुवर्णपदक मिळाले.

एवढ्या विद्या अंगी असलेल्या माणसाचे पोट मात्र कशावरच नीट चालेना. गोध्र्याला त्यांनी फोटोग्राफीचा धंदा मांडला. तेथे प्लेगच्या साथीत पत्नी गेली, मूलही गेले. बडोद्याला परत येऊन पुन्हा स्टुडिओ थाटला, तर लोकांत अशी समजूत पसरली की कॅमेरा माणसाच्या अंगातली शक्ती शोषून घेतो आणि फोटो काढलेला माणूस लवकर मरतो. आपण आज हसतो. पण ज्या गावातून प्लेगने माणसे नेली त्या गावातल्या लोकांना त्या काळ्या पेटीची भीती वाटली, यात मला हसण्यासारखे फारसे दिसत नाही. न दिसणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवायला लोकांना कसे लावायचे, हा प्रश्न फाळक्यांना इथून जो चिकटला तो जन्मभर. मग त्यांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगविले. जादूचे प्रयोगही शिकले. स्वतःचे आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते हातचलाखी करून दाखवीत.

१९०२ साली त्यांनी दुसरा विवाह केला. गिरिजा करंदीकर सासरी येऊन सरस्वती झाल्या. या बाईंविषयी पुढे पुष्कळ सांगायचे आहे. १९०३ साली पुराणवस्तू खात्यात छायाचित्रकार व नकाशाकार म्हणून फाळक्यांना सरकारी नोकरी लागली. वंगभंगानंतर स्वदेशीचे वारे वाहू लागले आणि त्यांनी ती पक्की नोकरी सोडून दिली. लोणावळ्याला छपाईचा कारखाना काढला. त्याच भागात राजा रविवर्म्यांचा शिळाप्रेस होता. देवदेवतांची ती रंगीत चित्रे घराघरांत लागत, आणि त्या छापखान्यासाठी फाळके काम करीत. पुढे मुंबईत भागीदारीत 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' निघाले. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते १९०९ साली जर्मनीला जाऊन आले. छपाई उत्तम होऊ लागली, नाव झाले, आणि भागीदारांशी बिनसले. फाळके अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर पडले म्हटले तरी चालेल. वय चाळीस. घरात लहान मुले. दुसऱ्या कोणाचे भांडवल त्यांना मिळू शकत होते, पण आपल्या जुन्या भागीदारांच्या विरुद्ध उभे राहायचे नाही असे त्यांच्या मनाने घेतले होते.

या रिकामपणाच्या दिवसांत, १९१०-११ च्या सुमारास, गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पुढे १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकातल्या लेखांत त्यांनी हा अनुभव स्वतः लिहिला आहे. पडद्यावर येशू चालत होता आणि फाळक्यांच्या मनात कृष्ण चालत होता, राम चालत होता, गोकुळ आणि अयोध्या उभी राहत होती. मग ते सरस्वतीबाईंनाही तो चित्रपट पाहायला घेऊन गेले.

इथे थोडे थांबावेसे वाटते. त्या थिएटरात त्या दिवसांत शेकडो माणसे तोच चित्रपट पाहून गेली असतील. मुंबईला चित्रपट काही नवा नव्हता. ल्युमिए बंधूंचा खेळ ७ जुलै १८९६ रोजीच वॉटसन हॉटेलात झाला होता. सावेदादा भाटवडेकरांनी १८९९ साली हँगिंग गार्डनवरची कुस्ती चित्रित केली होती. मग या एकाच माणसाला तो येशू कृष्णासारखा का दिसला? मला वाटते त्याचे कारण त्यांच्या आधीच्या चाळीस वर्षांत आहे. त्र्यंबकेश्वरचे पुराण, रविवर्म्याच्या प्रेसवरचे देव, बडोद्याची डार्करूम, नाटकाचे पडदे, केळफाची जादू. एरवी एकेक करून फसलेले हे सगळे उद्योग ज्या एका जागी उपयोगी पडतील अशी जागा त्यांना त्या अंधारात सापडली. अनुभव अनुभव म्हणतात तो असा साठत असावा, माळ्यावर टाकलेल्या सामानासारखा.

त्यानंतर फाळके दिवसाचे चार-पाच तास चित्रपट पाहू लागले. एक लहान कॅमेरा आणि फिल्मची रिळे मिळवून घरी मेणबत्तीच्या उजेडात भिंगातून भिंतीवर चित्रे पाडून पाहू लागले. झोप नाही, डोळ्यांना उसंत नाही. शेवटी डोळेच गेले! डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि तीन-चार चष्म्यांच्या मदतीने दृष्टी परत आली, आणि आल्याबरोबर माणूस पुन्हा त्याच कामाला लागला. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी त्यांना वेड्यात काढले असल्यास नवल नाही. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून त्यांनी प्रवासाचे पैसे उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनची बोट पकडली. तेथे त्यांची कोणाशी ओळख नव्हती. ज्या 'बायोस्कोप' साप्ताहिकाचे ते वर्गणीदार होते त्याची पाटी पिकॅडिली भागात दिसली आणि ते थेट संपादकांच्या खोलीत गेले. संपादकांनी आधी या धंद्यात पडू नका असेच सांगितले. मग माणसाची चिकाटी पाहून सेसिल हेपवर्थ या निर्मात्याकडे त्यांना धाडले. हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ त्यांना मोकळेपणाने दाखविला. विल्यमसन कॅमेरा विकत घेऊन आणि कच्ची फिल्म व भोके पाडायचे यंत्र यांची मागणी नोंदवून ते दोन महिन्यांत परतले. मग बिऱ्हाड गिरगावच्या बाजूने, चर्नी रोडच्या इस्माईल बिल्डिंगमधून, दादरला मथुरा भवनात आले. आवारात काचेची खोली उभी राहिली, घरात डार्करूम झाली.

आता आपण त्या कुंडीपाशी आलो.

यंत्र आले, विद्या आली, पैसे मात्र संपले होते. चित्रपटाला भांडवल हवे. ज्यांच्याजवळ भांडवल त्यांना चित्रपट म्हणजे परदेशातून येणारा माल एवढेच ठाऊक. तो दादरमध्ये होऊ शकतो हे पटावे कसे? फाळक्यांना कृष्णाचे चरित्र काढायचे होते; त्याविषयी ते तासन्‌तास बोलू शकले असते. त्यांनी बोलणे बाजूला ठेवले आणि कुंडीत वाटाणे पेरले. समोर कॅमेरा पक्का केला, आणि महिनाभर त्या अंकुराची थोडी थोडी छायाचित्रे टिपत राहिले.

रोज एक चित्र घेतले असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. मी वहीत हिशेब मांडून पाहिला. मूकपटाच्या काळी सेकंदाला साधारण सोळा चित्रे सरकत. रोज एकच चित्र घेतले तर महिन्याची होतात तीस, म्हणजे पडद्यावर दोन सेकंददेखील नाहीत! मिनिटभराच्या चित्रपटाला साडेनऊशेच्या वर चित्रे लागतात. म्हणजे दिवसाला तीसएक तरी. तेव्हा हा चाळिशी उलटलेला, नुकतेच डोळे परत मिळालेला गृहस्थ सकाळपासून उजेड जाईपर्यंत पुन्हा पुन्हा त्या कुंडीपाशी जाऊन हँडल फिरवीत असला पाहिजे. घरात मुले. कुंडीला कोणाचा धक्का लागला, तिपाई इंचभर सरकली, तर महिन्याचे काम मातीत! त्या महिन्यात मथुरा भवनात मुलांना किती वेळा रागे भरावे लागले असेल, याची कल्पना चाळीत वाढलेल्या कोणालाही सहज येईल.

तयार झालेला तुकडा त्यांनी निवडक मंडळींना दाखविला. फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी यशवंतराव नाडकर्णी त्यांत होते. पाहिल्यावर त्यांनी कर्ज देऊ केले.

मला या प्रसंगातली हुशारी अशी वाटते की त्या मिनिटात धंद्याचे सगळे आहे. डोळ्यांना एरवी जे दिसत नाही ते कॅमेरा दाखवू शकतो, हे त्यात आहे. फिल्मला भोके पाडण्यापासून ती धुऊन छापण्यापर्यंतचे सर्व काम या घरात होते, हेही आहे. आणि हा मनुष्य महिनाभर एका वाटाण्यापुढे बसू शकतो, याचा दाखलाही आहे. पैसे देणारा बहुधा याच तिसऱ्या गोष्टीला देतो. मंडळापुढे कल्पना मांडताना आपण आपली गोष्ट किती मोठी, किती करुण हे सांगायला जातो. नाडकर्ण्यांपुढे फाळक्यांनी गोष्ट सांगितलीच नाही.

ओघाने आले म्हणून माझ्या कल्पनेविषयी चार ओळी लिहिते. आमच्या घरात कॉलेजात आलेली मी पहिली. माझ्या आजीची लालबागला चाळीतल्या दोन खोल्यांत गिरणी कामगारांसाठी खाणावळ होती. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. आजीकडचे जेवणारे एकेक करून कोकणात, घाटावर गावी निघून गेले. बरेच परतलेच नाहीत. आजीची हिशेबाची वही अजून घरात आहे. तिच्या शेवटच्या पानांवर नावे आहेत, नावांपुढे राहिलेली रक्कम आहे, आणि एकाही नावावर काट मारलेली नाही. तेलाचे डाग पडून अक्षरे पलीकडच्या पानावर उमटली आहेत. फाळक्यांची कुंडी वाचल्यावर मी ठरविले की मंडळापुढे संपाचा इतिहास सांगायचा नाही. ती वही टेबलावर ठेवून पान उलटायचे. पुढचे मंडळ जाणे.

असो. फाळक्यांकडे परत वळू. नाडकर्ण्यांच्या कर्जाने सगळे भागणार नव्हतेच. सरस्वतीबाईंनी आपले दागिने काढून दिले. चरित्रांत हे वाक्य एका ओळीत येते आणि पुढे जाते. आजीला मी हे सगळे वाचून दाखवीत होते तेव्हा तिने विचारले ते दागिन्यांविषयी नव्हतेच; एवढी माणसे घरी राहत होती तर त्यांचा स्वयंपाक कोण करीत होते, हे तिला हवे होते. उत्तर सोपे आहे. सरस्वतीबाई! कंपनीची सारी मंडळी मथुरा भवनात जेवत. दिवसा उजेड कमी पडला की पांढरी चादर उन्हात धरून त्या तासन्‌तास उभ्या राहत. रात्री निजानीज झाल्यावर अंधारात कच्च्या फिल्मला भोके पाडीत, फिल्म धुण्याची रसायने कालवीत. आज चित्रपटाच्या शेवटी नावांची जी लांबलचक यादी सरकते तिच्यातली निदान अर्धा डझन कामे या एका बाई करीत होत्या. 'राजा हरिश्चंद्र'चे श्रेय मी वाटायचे ठरविले तर दोघांत समान वाटीन.

कृष्णाचा विचार तूर्त मागे ठेवून हरिश्चंद्राची कथा घेतली ती सर्वांच्या परिचयाची म्हणून. दत्तात्रय दामोदर दाबके राजा झाले. तारामतीसाठी मात्र बाई मिळेना. जाहिराती देऊन झाल्या, वेश्यावस्तीतही जाऊन झाले, तिकडूनही नकार! अखेर ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारा अण्णा साळुंके हा सडपातळ तरुण सापडला, आणि हिंदुस्थानच्या पडद्यावरची पहिली राणी एक आचारी झाला. इतरांना मिशा काढायला लावणे हे आणखी एक दिव्य. वडील हयात असताना मिशी उतरविणे अशुभ, हा त्यांचा मुद्दा. सिनेमात काम करतो असे बाहेर सांगण्याची लाज वाटे, म्हणून हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असे सांगा, अशी युक्ती फाळक्यांनी मंडळींना सुचविली. त्यावरूनच परेश मोकाशी यांनी २००९ साली आपल्या चित्रपटाला 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हे नाव दिले. कर्जतकडे जाताना वांगणी लागते. तेथे बाहेरचे चित्रण करायला ही मंडळी ढाली-तलवारी घेऊन उतरली, तर गावकऱ्यांना दरोडेखोर आले असे वाटले आणि पोलिसांनी सगळ्यांना अडकवून ठेवले. फाळके मागाहून पोचले, त्यांनी सामान उघडून चित्रण कसे करतात ते दाखविले, तेव्हा सुटका झाली. पुन्हा तेच, बोलून पटेना म्हणून दाखविणे.

राजपुत्र रोहिदासाचे काम करायलाही कोणी आपले मूल देईना. रोहिदास मरतो ना! म्हणून फाळक्यांनी आपला मुलगा भालचंद्र याला उभे केले. त्या चित्रणाच्या दिवसांतली एक हकिकत चरित्रकार सांगतात ती मला वाचून विसरता आलेली नाही. भालचंद्र खेळता खेळता दगडावर पडला, डोक्याला खोक पडली आणि शुद्ध गेली. मंडळी म्हणाली, मुलाला घेऊन परत चला. हातात होते ते दृश्य रोहिदासाच्या मृत्यूचे. चित्रण पुढे ढकलायचे तर पैसे नव्हते. फाळक्यांनी त्या मुलाला तसाच चितेवर ठेवून ते दृश्य टिपले.

याला काय म्हणावे? ध्येयवेड म्हणून गौरव करण्याची पद्धत आहे. मला तसे करवत नाही आणि त्यांना दोषही देववत नाही. ज्याने प्लेगमध्ये एक मूल गमावले होते त्याने हँडल फिरविताना समोर काय पाहिले असेल, हे त्याचे त्यालाच ठाऊक. एवढे मात्र खरे की स्वतःच्या आयुष्यातून चित्रपट काढतो म्हणणारा माणूस एकट्याचे आयुष्य वापरीत नाही. बायकोच्या पाटल्या, मुलाचे डोके, हे सारे त्यात जाते आणि त्यांना बहुधा कोणी विचारलेले नसते. आजीची वही टेबलावर ठेवण्याआधी मी तिला विचारले. ती हो म्हणाली, पण नावांवर बोट ठेवायचे, म्हणजे ती वाचली जाणार नाहीत, अशी तिची अट आहे. त्या नावांची नातवंडे आज कुठेतरी असतील, आणि आजोबांची उधारी त्यांनी पडद्यावर का वाचावी?

सहा महिने सत्तावीस दिवस खपून चार रिळांचा, ३,७०० फुटांचा चित्रपट तयार झाला. २१ एप्रिल १९१३ रोजी ग्रँट रोडच्या ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावात, सँडहर्स्ट रोडच्या कॉरोनेशन सिनेमात तो लोकांसाठी लागला. त्याच कॉरोनेशनमध्ये आदल्या वर्षी, १८ मे १९१२ रोजी, दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलिक' लागला होता. म्हणून पहिला कोणाचा, हा वाद होतो. 'पुंडलिक' हे नाटकाचे चित्रण होते आणि त्याची फिल्म प्रक्रियेसाठी लंडनला गेली होती. फाळक्यांचे सारे दादरच्या घरात झाले. तोरण्यांचे नाव मात्र आपण यापेक्षा जास्त वेळा घ्यायला हवे.

लोकांना खेचून आणण्याची फाळक्यांची रीतही मासलेवाईक होती. त्या काळचा नाटकाचा प्रेक्षक दोन आण्यांत सहा तास बसायचा. तो दीड तासाच्या चित्रपटाला तीन आणे का देईल? फाळक्यांनी जाहिरातीत एकंदर छायाचित्रांची संख्याच देऊन टाकली, सत्तावन्न हजार! वर चित्रांच्या पट्टीची लांबी दोन मैल! तीन आण्यांत एवढा माल, असा हिशेब गिऱ्हाइकापुढे ठेवला. कुंडीपुढे बसून चित्रे मोजणाऱ्यालाच हे सुचावे.

पुढचा इतिहास बहुतेकांना परिचित आहे, म्हणून भराभर सांगते. त्याच वर्षी कंपनी नाशिकला गेली. 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी काम केले, आणि पडद्यावर स्त्रीची भूमिका स्त्रीने करण्याचा पायंडा पडला. १९१४ साली फाळके आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले. तेथे राहून काम करण्याची संधी पुढे आली ती त्यांनी नाकारली. इतक्यात महायुद्ध पेटले, देशातल्या धनकोंनी हात आखडले आणि कच्ची फिल्म महाग झाली. या ओढगस्तीत त्यांनी जे केले ते मला पुन्हा त्या वाटाण्याच्या जातीचे वाटते. मोठा चित्रपट झेपत नाही, तर हाताशी आहे त्याचे लघुपट! आगपेटीतल्या काड्या टेबलावर नाचविल्या आणि 'आगकाड्यांची मौज' झाली. तरुणपणची जादू आठवून 'प्रोफेसर केळफा' पडद्यावर आणला. चित्रपट कसे तयार करतात हे दाखविणाऱ्या लघुपटात ते स्वतःच काम करताना दिसतात. १९१७ च्या 'लंकादहन'ने दिवस पालटले. त्यात साळुंक्यांनी राम आणि सीता ही दोन्ही कामे केली. तिकिटांच्या पैशांची पोती बैलगाडीतून न्यावी लागत, असे सांगतात.

पैसा आला तसे भागीदार आले. १९१८ साली हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी निघाली. 'श्रीकृष्णजन्म' आणि १९१९ चा 'कालियामर्दन' यांत कृष्ण झाली ती फाळक्यांची चिमुकली मुलगी मंदाकिनी. गिरगावच्या थिएटरात मनात पाहिलेला कृष्ण अखेर पडद्यावर आला, आणि आला तो घरातूनच! पण खर्च आणि वेळापत्रक यांवरून भागीदारांशी पुन्हा फाटले. लक्ष्मी प्रेसची गोष्ट दुसऱ्यांदा घडली. फाळके काशीला निघून गेले, तेथे 'रंगभूमि' नावाचे नाटक लिहिले, १९२२ च्या सुमारास परत आले आणि पगारी माणसासारखे काम करू लागले. पुढे बोलपट आले. १९३७ साली कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी 'गंगावतरण' हा आपला एकमेव बोलपट काढला, तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. त्यानंतर कोणी काम दिले नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले.

अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस आता नाही, कॉरोनेशनही नाही. दादर स्टेशनच्या पूर्वेला त्यांच्या नावाचा रस्ता आहे आणि गोरेगावला चित्रनगरी आहे. १९६९ सालापासून त्यांच्या नावाने केंद्र सरकारचा पुरस्कार सुरू झाला. तारामतीच्या भूमिकेसाठी एक बाई मिळावी म्हणून हा माणूस दारोदार फिरला होता. त्याच्या नावाचा पहिला पुरस्कार मिळाला देविका राणी यांना.